दगडाचं घराणं

कुत्र्याचं रक्त कसं ओळखावं, यावर थोरलीचे वडील न थकता बोलू शकत. समोरचा थकला तरी त्यांचं चालूच. स्वतःच्या आजेसासूचं नाव विचारलं तर अडखळतील, पण कुठल्या कुत्रीची पणजी कुठल्या नराला दाखवली होती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगतील. घरातल्या माणसांचे वाढदिवस त्यांच्या लक्षात राहत नसत. कुत्र्यांची वेतं मात्र तारखेसकट पाठ.

त्यांच्या मते जगात लढाऊ कुत्र्यांची घराणी तीनच. बाकीची आपली उगाच शेपूट हलवायला जन्माला आलेली. पहिलं तांबडं घराणं. त्याचा जबडा मोठा, मान जाड, दात रोवले की काढायला दोन माणसं लागतात. पण अंगाने जड, दहा मिनिटांत जीभ बाहेर. दुसरं पट्टेवालं. पायांनी चपळ, समोरच्याला उसंत देत नाही. पण डोकं तापट. रिंगणाभोवतीच्या माणसांनी गलका केला की त्याचं चित्त उडतं, आणि चित्त उडालं की तो संपलाच. तिसरं पांढरं, म्हणजे त्यांचं स्वतःचं. पांढऱ्याचा जबडा तांबड्याइतका नाही, पाय पट्टेवाल्याइतके नाहीत, हे ते मोठ्या मनाने कबूल करत. मग बोट वर करून म्हणत, "पण धीर! जबडा चारून वाढवता येतो, पाय पळवून तयार करता येतात. धीर आईबापांकडूनच यावा लागतो."

या घराण्याचा मूळपुरुष दगड नावाचा नर. थोरलीच्या जन्माआधी कधीतरी अंगणात उभ्या असलेल्या ट्रकचं टायर फुटलं. असा आवाज झाला म्हणे की चार धट्टीकट्टी माणसं जमिनीवर पालथी झाली. दगड दहा पावलांवर हाड चघळत होता. त्याने मानही वर केली नाही. तेव्हापासून त्याचं नाव दगड पडलं आणि वडिलांचं नशीब उघडलं. त्या एका न हललेल्या मानेवर त्यांनी सगळं उभं केलं. पाहुणा आला की ही गोष्ट निघे, आणि दरवेळी टायरचा आवाज थोडा वाढलेला असे.

त्या गोष्टीतूनच पत्र्याची परीक्षा निघाली. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की त्यांना मागच्या अंगणात सिमेंटच्या फरशीवर आणायचं, पसरट ताटात दूध ओतायचं, सगळ्यांची तोंडं दुधात बुडाली की मागे चार पावलांवर उभं राहून लोखंडी पत्र्यावर हातोडा हाणायचा. जी पिल्लं दूध पीत राहतील ती दगडाची. जी दचकतील, पळतील, मुततील ती बादलीची. घरात असंच बोलायची पद्धत होती. "यंदा किती?" असं कुणी विचारलं की "चार दगडाची, तीन बादलीची," असं उत्तर. बादली आधीच भरून ठेवलेली असे. पिल्लांना मारतात असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नाही.

आणि पत्रा वाजवायचं काम थोरलीचं. सातव्या वर्षापासून लग्न होऊन जाईपर्यंत. वडील म्हणत, हिचा हात नेमका बसतो. पहिल्या वर्षी तिला त्याचा केवढा अभिमान! वर्गातल्या कुठल्याच मुलीला असं मोठ्या माणसांचं काम मिळालेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिला बादलीचा अर्थ कळला. ती रडली, तेव्हा वडील हसत सगळ्यांना म्हणाले, "बघा बुवा, माझ्याच घरात भित्रं रक्त निघालं." त्यानंतर ती रडली नाही. त्या घरात रडणंही मोजलं जाई.

बारा वर्षांची असताना एकदा फरशी नव्याने घातली होती, ओली होती. म्हणून ती परीक्षा बाळंतिणीच्या खोलीत घेतली, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर. पत्रा जड झाला म्हणून थोरलीने त्याची कड फळीवर टेकवली आणि हातोडा हाणला. पाचच्या पाच पिल्लं उडाली. दोन दिवस वडील जेवले नाहीत. मग त्यांचा निकाल झाला, की कुत्रीकडून रक्तात पाणी मिसळलंय. पाच पिल्लं गेली, पाठोपाठ त्यांची आईही गेली. चांगली चार वर्षांची, शहाणी कुत्री होती. थोरली तिच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची.

हे सगळं ती इतकी वर्षं मनाच्या तळाशी दाबून बसली होती. सासर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्षातून दोनदा माहेरी यायचं, मागच्या अंगणाकडे फिरकायचं नाही. आणि नोकरी तिने धरली ती कानाच्या दवाखान्यात. काचेच्या लहानशा खोलीत बसून लहान मुलांच्या कानाला यंत्र लावायचं आणि त्यांना किती ऐकू येतं ते बघायचं.

गेल्या मंगळवारी तिथे एक तरुण आई आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. हसतमुख, जरा ओशाळलेली. म्हणाली, "तसं काहीच नाही हो, सासूबाईंनी धोशा लावला म्हणून आले. बाळ फार शांत आहे माझं. दार धाडकन आपटलं तरी झोप मोडत नाही. शेजारीपाजारी म्हणतात, काय धीराचं पोर आहे!"

असं वाक्य थोरलीने त्या खोलीत शंभरदा ऐकलेलं होतं. ते ऐकलं की चेहरा सरळ ठेवावा लागतो. पण 'धीर' हा शब्द त्यात पहिल्यांदाच आला. तिने बाळाच्या कानाला यंत्र लावलं, पडद्यावरची रेघ सपाट आली, म्हणजे बाळाला ऐकूच येत नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे ते बाळ नव्हतंच. दुधाच्या ताटाशी ओळीने उभी पांढरी पिल्लं होती.

पांढरी. अंगावर एकही डाग नको, डाग म्हणजे परकं रक्त, असं वडील म्हणत. डोळे निळसर असले तर सोन्याहून पिवळं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिने दुसऱ्याच कुणाची म्हणून गोष्ट विचारली. बाई सहज म्हणाल्या, "हो, पांढऱ्या कुत्र्यांत असतं ते. डाग नाही, डोळे निळे, की बहिरेपण बरंच. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायर फुटलं तेव्हा दगड घाबरला नव्हता, कारण त्याला ते ऐकूच आलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून या घरात एकच उद्योग चालला होता. ज्यांना ऐकू येतं त्यांना बुडवायचं आणि बहिऱ्यांचा वंश वाढवायचा. आणि हातोडा तिच्या हातात होता.

तक्रार करावी, तर पोलीस ठाण्यातल्या मोठ्या साहेबांच्या फाटकाला याच घरचा पांढरा कुत्रा बांधलेला होता. त्यांनी तो आनंदाने मिरवलाही होता.

रविवारी सकाळी नऊलाच ती माहेरी पोचली. आई स्वयंपाकघरात भल्या मोठ्या पातेल्यात कुत्र्यांसाठी हाडं उकळत होती.

"आलीस?" आई म्हणाली. "बोलावलं तर येत नाहीस, आणि आज न सांगता? आज त्यांचा पारखी यायचाय अकराला. दहा दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही. मला ताप होता तर म्हणाले, रविवारपर्यंत बरी हो."

"यंदाचं वेत किती?"

"आठ. एकाच्या कानावर डाग निघाला, ते पहिल्या दिवशीच गेलं. सात आहेत."

थोरली तडक मागच्या, फळ्यांच्या खोलीत गेली. कुत्री दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडली होती, पिल्लं पोटाशी. थोरलीने उंबऱ्यातूनच पर्समधल्या किल्ल्यांचा जुडगा खणकन वाजवला. कुत्रीचा कानसुद्धा हलला नाही. पिल्लांतल्या तिघांनी मात्र माना वळवल्या. त्यांतली एक सगळ्यांत लहान, मादी, दुडूदुडू चार पावलं पुढे आली आणि किल्ल्यांकडे बघून तिने भुंकायचा प्रयत्न केला. तिला ते अजून नीट जमत नव्हतं.

मग थोरलीने फळीवर पाय आपटला. कुत्री ताडकन उठली, दात विचकून वळली, मग तिचा हात हुंगून शेपूट हलवायला लागली. थोरली तिथेच उकिडवी बसली आणि तिने कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं.

आई मागे येऊन उभी होती.

"आई, ही बहिरी आहे. जन्मापासून. इथली जवळजवळ सगळीच असणार."

आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "तरीच. चाळीस वर्षं मी यांना खायला घालतेय, एकही कधी हाकेला आलं नाही. मला वाटायचं, तुझ्या वडिलांवर गेलीत."

एरवी थोरली हसली असती. आता तिला हसूही आलं नाही.

वडील अंगणात होते. त्यांचा सगळ्यांत नावाजलेला नर, पहाड, लाकडी चौथऱ्यावर उभा होता आणि वडील ओल्या फडक्याने त्याचे दात पुसत होते. स्वतःच्या नातवंडाचं नाक त्यांनी कधी पुसलेलं नव्हतं. थोरलीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाळ, यंत्र, डॉक्टरीणबाई, किल्ल्या. त्यांनी फडकं पिळलं आणि हसले.

"कान तपासायची नोकरी लागल्यापासून तुला सगळं जग बहिरं दिसायला लागलंय. अगं, बहिरा असता तर मी फाटकात आलो की हा उठून कसा उभा राहतो?"

"जमीन हलते ती पायांना कळते, बाबा. नाकाला वास येतो. एकदा तपासून तरी बघा."

"पन्नास वर्षं मी काय करतोय? तपासतोच आहे."

"मग निदान आजचा पत्रा वाजवू नका. तीन पिल्लं दचकणार आहेत, मला माहीत आहे कुठली ती. ती तिघं मला द्या. मी घेऊन जाते, कुणाला सांगत नाही."

आता ते हसायचे थांबले. "भित्रं पिल्लू या फाटकातून जिवंत बाहेर गेलेलं नाही. उद्या ते कुठल्यातरी गल्लीत शेपूट घालून पळेल आणि लोक म्हणतील, हे बघा दगडाचं रक्त! तीन काय, एकही मिळणार नाही. आणि पाहुण्यांसमोर हे असलं काही बोललीस, तर या घरचा उंबरा विसर."

उंबरा विसरायची धमकी तिला नवीन नव्हती. तिला राग त्याचा आला नाही. राग आला तो त्यांच्या ठामपणाचा. या माणसाला आयुष्यात एकदाही, एकाही गोष्टीबद्दल, आपण चुकत असू असं वाटलेलं नव्हतं. आणि त्याला तो धीर म्हणायचा.

अकराच्या ठोक्याला पारखी आला. त्याला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण शिंप्याची टेप त्याच्या गळ्यात कायम लोंबत असे. सडपातळ, मृदू बोलणारा, बूट चकचकीत. चार गावचे कुत्रेवाले त्याच्या वहीत आपलं घराणं चांगल्या शेऱ्याने यावं म्हणून त्याच्या मागेपुढे करत. त्याने लिहिलं 'कच्चं', की त्या कुत्र्यांना कुणी हात लावत नसे.

त्याने एकेक पिल्लू उचललं. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, कवटीची रुंदी मोजली, हिरड्या दाबून रंग किती वेळात परततो ते पाहिलं. पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये चिमटा काढला आणि पिल्लू किती वेळाने ओरडतं ते मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मधूनमधून तो थोरलीच्या धाकट्या भावाला शिकवत होता, कारण पुढे हे सगळं धाकट्याकडेच जायचं होतं.

"जिंकलेल्या कुत्र्यावरून घराणं ठरवायचं नाही बरं का. जिंकायला काय, समोरचा आजारी असला तरी जिंकतो. मी हरलेल्याची पोरं बघतो. बाप हरला, फाटला, आणि पोरगं तरी रिंगणात पुढेच गेलं, तर ते रक्त खरं. आणि भावंडांत फरक किती ते बघायचं. सातांपैकी सहा सारखी निघाली तर घराणं पक्कं. तीनच सारखी निघाली तर तो नुसता मटका."

धाकटा मान डोलवत होता. वाईट मुलगा नव्हता तो. वडिलांसमोर त्याला मान डोलवण्यापलीकडे कधी काही करावं लागलंच नव्हतं, एवढंच.

फरशीवर ताट आलं, दूध आलं. बादली नळाखाली भरून कोपऱ्यात ठेवलेली होतीच. वडिलांनी पत्रा आणि हातोडा थोरलीपुढे धरला. पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज साखरेत घोळलेला. "हिचा हात बघा आता. एके काळी हिच्याशिवाय परीक्षा होत नसे."

"मी नाही वाजवणार," थोरली म्हणाली.

"लाजतेय," वडील म्हणाले आणि त्यांनी दोन्ही धाकट्याकडे दिलं.

धाकट्याने हाणला. सातांपैकी चार पिल्लं लपालपा दूध पीत राहिली. एक जागच्या जागी मुतलं. एक पळालं ते थेट वडिलांच्या दोन पायांमध्ये जाऊन दडलं, जगात तेवढीच एक सुरक्षित जागा असावी असं. आणि ती लहानगी मादी उडाली, ताटात पडली, दुधाने माखलेली उठली आणि धाकट्याच्या दिशेने जाऊन पत्र्यावर भुंकायला लागली. सबंध अंगणात धीराचं म्हणावं असं काही असेल, तर ते तेवढंच होतं.

"चार-तीन," मोजपट्टीने लिहिलं. "ठीक. अगदी पक्कं नाही म्हणता येणार, मालक."

वडिलांचं तोंड उतरलं. त्यांनी पायांतलं पिल्लू मानेला धरून उचललं आणि धाकट्याच्या हातात दिलं. "घे. उरक."

धाकटा बादलीकडे दोन पावलं गेला आणि थोरलीने त्याच्या हातातलं पिल्लू हिसकावून घेतलं. दुसऱ्या हाताने खाली पडलेला हातोडा उचलला.

"पत्रा घे," ती धाकट्याला म्हणाली. "घे म्हणते ना! आणि चल माझ्याबरोबर."

तिचा आवाज असा होता की धाकट्याने मुकाट्याने पत्रा उचलला. ती चौथऱ्याशी गेली. पहाड भांड्यात तोंड घालून हाडं फोडत होता. तिने धाकट्याला त्याच्या मागे, जमिनीवर उभं केलं, पत्रा हवेत धरायला लावला आणि सगळी ताकद एकवटून हातोडा हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. मोजपट्टीने कानांवर हात ठेवले. पहाड हाड फोडत राहिला.

"हा तुमचा धीर," ती म्हणाली. "आता बघा." तिने धाकट्याला पत्र्याची कड लाकडी चौथऱ्यावर टेकवायला लावली आणि हातोड्याने नुसती टिचकी मारली. पहाड असा उडाला की भांडं भिंतीवर जाऊन आदळलं. साखळी ताणून तो चारी दिशांना फिरला, हवेतच चावे घेत राहिला, कुणीच दिसेना तेव्हा अंग थरथरत चौथऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"बहिरा आहे तो! त्याचा बाप बहिरा, आजा बहिरा आणि तो तुमचा दगड ठार बहिरा! आणि ती फळ्यांवरची पाच पिल्लं आठवतात, बाबा? त्यांच्या पायांना हादरा बसला होता, म्हणून उडाली. तुमची अगदी अस्सल पिल्लं होती ती, शंभर टक्के बहिरी! त्यांना तुम्ही भित्री म्हणून बुडवलंत. त्यांच्या आईला पण. ऐकणाऱ्यांना ऐकतात म्हणून मारलंत, आणि बहिऱ्यांनाही चुकून मारलंत. आणि मला हातात पत्रा दिलात. सात वर्षांची होते मी!"

तिच्या हातातलं पिल्लू कापत होतं.

वडील पहाडाकडे बघत होते. मग पत्र्याकडे. मग पुन्हा पहाडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि थोरलीला स्पष्ट दिसलं की त्यांना कळलंय. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी कळलंय. आता हा माणूस मटकन खाली बसेल, असं तिला वाटलं. तिला तेच हवं होतं. त्यांना धरायला जायचं की नाही, तेही तिने ठरवलेलं नव्हतं.

"म्हणजे," मोजपट्टी हळूच म्हणाला, "रिंगणाभोवती शंभर माणसं ओरडली तरी याला काही ऐकू येत नाही?"

"नाही."

"समोरचा कुत्रा कळवळला तरी?"

"नाही. सांगतेय काय मी? त्याला काहीच—"

"मालकाने थांब म्हटलं तरी?" तो आता तिच्याशी बोलतच नव्हता. वही उघडून भराभर लिहीत होता. लिहून झालं तेव्हा त्याने वर बघितलं. त्याचे डोळे चमकत होते. "मालक, मी आजवर समजत होतो हा नशिबाचा भाग आहे. म्हणून तर वेतात फरक पडतो. पण हे तर ठरवून करता येईल! पत्र्याने फसगत होते, एका कानाने थोडंफार ऐकणारी निसटत असणार. ती शोधून काढली पाहिजेत. दोन्ही कानांनी पक्के बहिरे तेवढेच ठेवायचे, तीन पिढ्यांत घराणं असं पक्कं होईल की तांबडेवाले तोंडात बोट घालतील." मग तो थोरलीकडे वळला. आवाजात केवढा आदर! "ताई, तुमचं ते दवाखान्यातलं यंत्र पिल्लांच्या कानाला लागतं का हो?"

थोरलीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण तिचे कान उत्तम होते.

वडिलांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हळूहळू, हिरड्या दाबून सोडल्यावर येतो तसा. त्यांनी छाती पुढे काढली. "माझी लेक," ते मोजपट्टीला म्हणाले. "कानांचं सगळं शिक्षण झालंय तिचं. बघा, ज्ञान घरातच होतं आणि मी पत्रे वाजवत बसलो." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी तो कधी ठेवला नव्हता. लहानपणी एवढ्यासाठी तिने काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही होतं.

तिने खांदा झटकला. "ती तिघं मला द्या."

"अगं, ने ना! तिघं ने. ऐकणारी मला काय करायची आहेत? आता ती भित्रीही नाहीत, नुसती बिनकामाची आहेत. तेवढं यंत्राचं बघ."

हवं ते मिळालं होतं. पण चार पावलांवर ती चार पिल्लं रिकामं ताट चाटत होती. त्यांना ती नेऊ शकत नव्हती. आजपासून तर ती लाखमोलाची झाली होती, आणि ती तिनेच केली होती. काल ही कुत्री एका माणसाच्या अडाणीपणाने बहिरी निपजत होती. उद्यापासून ती कुणीतरी शिकलेली माणसं वहीत टिपून निपजवणार होती.

आई स्वयंपाकघरातून बांबूची टोपली आणि जुनं लुगडं घेऊन आली. तिने तिघा पिल्लांना आत नीट गुंडाळून ठेवलं. मग कोपऱ्यातली बादली उचलली आणि मोरीत ओतून दिली. धाकटा पत्रा धरून तसाच उभा होता. आपण आता तो ठेवायचा की धरायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरली फाटकापर्यंत गेली, तेव्हा मागून वडिलांची हाक आली. आनंदी, मोकळी, तरुण हाक.

"मंगळवारपर्यंत आणशील का गं यंत्र?"

ती वळली. छत्तीस वर्षांत त्या घरात तिने इतका आवाज कधी चढवलेला नव्हता. आता तो आपोआप आला, पोटाच्या तळापासून.

"कसाई खाण्यासाठी तरी मारतो! तुम्ही फुशारकीसाठी मारता! माझ्या यंत्राचं नाव काढलंत ना, तर तुमच्या प्रेताला खांदा द्यायलासुद्धा मी या दारात येणार नाही!"

हे सगळं तिने घसा फाटेपर्यंत ओरडून सांगितलं. मोजपट्टी वहीत बघत होता. वडील अजून हसत होते. त्यांचं लक्षच नव्हतं, ते आता पहाडाच्या पाठीवर हात फिरवत मोजपट्टीला काहीतरी समजावत होते. पत्र्याच्या शेडखाली ओळीने पांढरी कुत्री पडली होती. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही.

टोपलीत मात्र एकदम खळबळ झाली. तिघंही लुगड्याच्या घडीत घुसून एकमेकांना चिकटली. लहानगी तर इतकी थरथरत होती की टोपलीची कडी वाजत होती.

थोरलीचा आवाज तिथेच विरला. तिने टोपली छातीशी घेतली, तोंड खाली नेलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाली, "घाबरलात? शाब्बास रे माझ्या बाळांनो. शाब्बास."